नाण्याची दुसरी बाजू कुणाच्या खिशात?

संविधान दिनाच्या आधीच्या रविवारी एका तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता, 'हक्क श्रेष्ठ की कर्तव्य?' चोवीस मुलं बोलली. त्यांतल्या एकोणीस जणांनी हक्क आणि कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याचं सांगितलं, आणि त्याच दमात आजचा माणूस हक्कांसाठी भांडतो पण कर्तव्य विसरतो, असंही आम्हाला सुनावलं. मुलांचा काय दोष? त्या वाक्याला टाळ्या वाजवणारी सगळी मोठी माणसं होती. व्याख्यानमालांपासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत हेच वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. पाचव्या-सहाव्या भाषणाला मी गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं : नाणं एकच हे कबूल, पण ते आहे कुणाच्या खिशात?

सगळा घोळ तिथेच आहे. मी तुम्हाला पाचशे रुपये उसने दिले तर ते परत मागण्याचा हक्क माझा, फेडण्याचं कर्तव्य तुमचं. एक बाजू माझ्याकडे, दुसरी तुमच्याकडे. वेस्ली होफेल्ड या अमेरिकन कायदेपंडिताने 1913 मध्ये ही मांडणी अगदी काटेकोरपणे केली, पण गावच्या किराणा दुकानदाराला ती त्याच्याही आधीपासून ठाऊक होती. कोठडीतल्या आरोपीला मारहाण होऊ नये हा त्याचा हक्क. त्याच्या समोरची बाजू म्हणजे पोलिसाचं कर्तव्य. आरोपीने आयुष्यात कर भरला का, आईवडिलांना सांभाळलं का, याचा तिथे संबंध येत नाही. म्हणजे 'तुला हक्क हवा ना, मग आधी तुझं कर्तव्य कर' असं जेव्हा कोणी म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो स्वतःचं देणं दुसऱ्याच्या खात्यावर टाकत असतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. मानवी हक्क ही कर्तव्याची मजुरी नव्हे. ज्याला 'का?' विचारता येतं त्याच्याच बाबतीत कर्तव्य या शब्दाला काही अर्थ आहे. ज्याला ते विचारता येत नाही त्याच्याकडून जे करून घेतलं जातं, त्याला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे : वेठ.

आता शब्दांचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या दोन शब्दांकडे जरा बघू. 'हक्क' अरबीतून फारसीमार्गे आला आणि 'अधिकार' संस्कृतातून. आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण दोघांच्याही पोटात जुना माल आहे. अधिकार म्हणजे मुळात पात्रता. ज्याचा अधिकार नाही त्याने मंत्र म्हणू नये, ऐकूही नये. 1899 च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, हे शाहू महाराजांच्या ध्यानात आणून दिलं गेलं. विचारलं तेव्हा मिळालेलं उत्तर पात्रतेचंच होतं : शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही. संस्थानचा छत्रपती, ज्याच्या हाती सगळे 'अधिकार', त्याला हा एक 'अधिकार' नव्हता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ त्या दिवशी नदीकाठी समोरासमोर उभे राहिले, आणि त्यातून पेटलेलं वेदोक्त प्रकरण महाराष्ट्राला कित्येक वर्षं पुरलं.

आणि 'हक्क'? गावगाड्यातला हक्क म्हणजे कामाबद्दल ठरलेला वाटा. महार वतनाच्या 'बावन हक्कां'ची परंपरा प्रसिद्ध आहे. बिदरच्या बादशहाने सनद दिली अशी आख्यायिका सांगतात. त्या हक्कांत काय काय होतं? खळ्यावरचं धान्य, घरोघरची भाकरी, मेलेल्या जनावराचं कातडं, मढ्यावरचं कापड. आणि समोरच्या रकान्यातली कामं? शीव राखणं, सरकारी माणसाच्या पुढे धावणं, खजिना पोचवणं, परगावी मर्तिकाचा सांगावा नेणं, आणि याखेरीज जे सांगितलं जाईल ते. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. कामाला वेळ नाही आणि यादीला शेवट नाही. 'आधी कर्तव्य, त्यातून हक्क' हे तत्त्व इतकं तंतोतंत राबवलेलं उदाहरण जगात शोधूनही सापडायचं नाही. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं त्यात त्यांचा आग्रह होता की कामं नेमकी ठरवा, मोबदला रोख द्या, आणि ज्याला वतनातून सुटायचं आहे त्याला सुटू द्या. विधेयक शेवटी मागे घ्यावं लागलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं. तेव्हा कर्तव्यप्रधान समाज ही एखादी विसरलेली थोर कल्पना आहे आणि ती आपण आता पुन्हा शोधायची आहे, असं कोणी सांगायला लागलं की मला प्रश्न पडतो : प्रयोग तर झालाय की. निकाल कुठे ठेवला?

पण दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं टाळ्यांच्या वाक्यात नसतं, ते गांधींकडे आहे. 1947 मध्ये युनेस्कोच्या ज्युलियन हक्सले यांनी मानवी हक्कांच्या तात्त्विक पायाबद्दल जगभरच्या विचारवंतांकडे मतं मागवली, तेव्हा गांधींनी छोटंसं पत्र पाठवलं. निरक्षर पण शहाण्या आईकडून आपण शिकलो, असं म्हणून त्यांनी लिहिलं की जे हक्क कमवावे आणि टिकवावे असे आहेत ते सारे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात. त्याआधी चार वर्षं, लंडनमध्ये निर्वासित म्हणून शेवटचे महिने काढणाऱ्या सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वचिंतक बाईने वेगळ्या वाटेने जवळपास हेच गाठलं होतं. जगात एकटाच माणूस उरला तर त्याला कसलेही हक्क उरणार नाहीत, पण कर्तव्यं उरतील, म्हणून कर्तव्य हे मूळ, असा तिचा युक्तिवाद. याला उडवून लावणं सोपं नाही. हक्काची भाषा माणसाला आपल्यापुरतं बघायला शिकवते, हेही खोटं नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेला पार्किंगच्या जागेवरून चालणारं भांडण ज्याने ऐकलंय त्याला पुरावा मागायची गरज पडू नये. आणि कोणीच आपलं काम केलं नाही तर जाहीरनाम्यातला हक्क कागदावरच राहतो, हे वेलचं निरीक्षण तर मला पूर्ण मान्य आहे. फक्त ते माझ्याच बाजूला झुकतं. हक्क प्रत्यक्षात येतो तो समोरच्याने त्याचं कर्तव्य ओळखल्यावर, हक्कदाराने पुण्य साठवल्यावर नव्हे.

गांधींच्या वाक्याला मात्र गांधींचं आयुष्यच उत्तर देतं. 1906 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये भारतीयांवर नोंदणीचं आणि बोटांच्या ठशांचं बंधन घालायचं ठरलं, आणि 1907 मध्ये त्याचा कायदा झाला. कायद्याने ते त्यांचं कर्तव्य होतं. गांधींनी ते आधी पार पाडून मग हक्क मागितले का? ते कर्तव्यच त्यांनी नाकारलं. 1930 मध्ये मिठावरचा कर भरणं हे प्रत्येक प्रजाजनाचं कर्तव्य होतं, आणि दांडीला जाऊन त्यांनी काय केलं ते शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. ज्या कर्तव्याबद्दल मला कोणी विचारलंच नाही ते मला बांधील धरत नाही, ही सत्याग्रहाची मूळ धारणा आहे. गांधींच्या आईचा धडा स्वतःला घालून घ्यायच्या शिस्तीचा होता. मुलाने तो स्वतःसाठी घेतला. तोच धडा सत्तेने प्रजेला ऐकवला की त्याचा अर्थ पार उलटा होतो. उपवास आणि उपासमार यांत पोटाला काही फरक कळत नाही. तरी आपण दोन शब्द ठेवलेच ना?

इतिहासात कर्तव्यांच्या याद्या केव्हा आल्या तेही पाहण्यासारखं आहे. फ्रेंच राष्ट्रीय सभेत ऑगस्ट 1789 मध्ये हक्कांबरोबर कर्तव्यांचाही जाहीरनामा करावा असा प्रस्ताव आला होता. सभेने तो फेटाळला. सहा वर्षांनी, क्रांतीतलं दहशतीचं पर्व सरल्यावर सत्तेत आलेल्यांनी 1795 च्या घटनेत तो घेतला : हक्कांची बावीस कलमं आणि कर्तव्यांची नऊ. त्यांतल्या एकात चांगला मुलगा, चांगला बाप, चांगला भाऊ, चांगला मित्र, चांगला नवरा नसेल तो चांगला नागरिक नव्हे, असं लिहिलं आहे. वाचायला छान वाटतं. पण त्याच मसुद्यातून 'माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान हक्कांची असतात' हे 1789 चं पहिलं वाक्य गळलं, आणि मताधिकार कर भरणाऱ्यांपुरता आखडला. आपल्याकडे मूलभूत कर्तव्यांचं 51-क हे कलम 42 व्या घटनादुरुस्तीने आलं. साल 1976. हजारो माणसं विनाचौकशी तुरुंगात होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, आणि त्याच दुरुस्तीने घटनादुरुस्त्यांची छाननी करण्याची न्यायालयांची ताकद काढून घेतली. घटनेत काय बदलावं हे सुचवायला काँग्रेसने नेमलेल्या स्वर्णसिंग समितीने कर भरणं हेही मूलभूत कर्तव्य करावं असं सुचवलं होतं. संसदेने बाकीचं बरंच घेतलं, वर भरही घातली, तेवढं मात्र गाळलं. का गाळलं असेल, यावर एक स्वतंत्र वक्तृत्व स्पर्धा घ्यायला हरकत नाही.

इथे मला अडवणारे म्हणतील की कलम वाईट वेळी आलं म्हणून वाईट ठरत नाही. बरोबर आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचं कर्तव्य सांगणारं त्यातलं पोटकलम डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सभांतून सांगत राहिले. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडण्याचं पोटकलमही तिथेच आहे. मानवी हक्कांच्या 10 डिसेंबर 1948 च्या जागतिक जाहीरनाम्याच्या एकोणतिसाव्या कलमातही समाजाप्रती कर्तव्याचा उल्लेख आहेच. माझा आक्षेप यादीला नाही, अटीला आहे. दाभोलकरांनी 51-क चा उपयोग लोकांना प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी केला. 'कर्तव्य केलं नाहीस, आता तुला कुठला हक्क' असं ते कोणाला म्हणत नव्हते. जाहीरनामा लिहिणाऱ्यांनीही कलम पहिलं आणि कलम एकोणतिसावं यांत 'तर' हा शब्द घातला नाही. त्या पहिल्या कलमातलं 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असं इंग्रजी बदलून 'सर्व मानव' करून घेणाऱ्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या, हेही जाता जाता सांगायला हवं. मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची आयात, असं म्हणणाऱ्यांना हे नाव सहसा आठवत नाही.

यापेक्षा खोल हरकत वेगळी आहे. हक्क येतात कुठून? देवाने दिले म्हणावं तर सगळ्यांचा देव एक नाही. निसर्गाने दिले म्हणावं तर निसर्गात मोठा मासा लहान माशाला गिळतो. म्हणून जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने नैसर्गिक हक्कांच्या कल्पनेची लाकडी पायांवर चढलेला मूर्खपणा अशी टर उडवली, आणि हक्क म्हणजे कायद्याची संतती असं ठरवलं. आपणही नकळत बेंथमवादीच बोलतो : 'घटनेने दिलेले हक्क'. दिलेले! जो देतो तो काढूनही घेऊ शकतो, हे त्या क्रियापदातच आलं. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात हाच तर्क शेवटाला नेला. आणीबाणीत जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं एकविसावं कलम बजावण्याची मुभा राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित आहे, तेव्हा बेकायदा डांबलेल्यालाही दाद मागता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी म्हटलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारलं तर? युक्तिवादाशी प्रामाणिक राहायचं तर दाद नाही, असं उत्तर आलं. चौघांत आपल्या पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूडही होते. एकट्या खन्नांनी लिहिलं की जीविताचा हक्क एकविसाव्या कलमात जन्मलेला नाही. घटना नसतानाही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव घेता येत नव्हता. खन्नांचं सरन्यायाधीशपद त्यापायी हुकलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला तेव्हा तो मोडीत काढणारं मुख्य निकालपत्र यशवंतरावांच्या मुलाच्या, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या हातचं होतं.

मग देव नको, निसर्ग नको, कायदाही पुरा पडत नाही, तर पाया कशाचा? मला उत्तर महाडला दिसतं. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्ये केला होता. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं खुलंही जाहीर केलं होतं. म्हणजे बेंथमच्या हिशेबाने हक्क 'दिलेला' होता. तरी 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्याला अस्पृश्यांपैकी कोणाचा हात लागला नाही. लागला तेव्हा मारहाण झाली आणि मग शेण-गोमूत्र घालून तळ्याची 'शुद्धी'. विचार करा, त्या दिवशी रांगेने तळ्यावर गेलेल्यांचं कोणतं कर्तव्य थकलं होतं? शतकानुशतकं गावाची सगळी कामं करून झाली होती. कर्तव्यातून हक्क येत असते तर जगात सगळ्यात जास्त हक्क त्यांच्याकडे असायला हवे होते. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी सांगितलं की आम्ही तळ्यावर केवळ पाणी प्यायला जात नाही, इतरांसारखे आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातो. आणि त्या परिषदेची तुलना त्यांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. पुढे वाद कोर्टात गेला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची आपली रूढी अनादी आहे हे फिर्यादी स्पृश्यांना शाबीत करता आलं नाही, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल लागलं. मला या सगळ्यात एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. दहा वर्षं स्पृश्यांना *कारण द्यावं लागलं*. तोवर ते कधी द्यावं लागलं नव्हतं. मानवी हक्काचा पाया शोधायचा तर तो इथे आहे : माझ्यावर जे लादलं जातं त्याचं कारण मला मागता आलं पाहिजे, आणि ते मला पटण्याजोगं असलं पाहिजे. अन्न, पाणी, शाळा, मत, कोर्टात उभं राहणं, हे सगळे हक्क त्या एका जागेवर उभं राहायला लागणारं बळ आहेत.

'ठीक आहे, पण पैसा कुठून आणणार?' हा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतोच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तरही महाराष्ट्राने दिलेलं आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला छोट्या प्रमाणावर करून पाहिलेल्या कल्पनेतून, आणि 1972 च्या दुष्काळाच्या तडाख्यातून, रोजगार हमी उभी राहिली. तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. दुष्काळी कामं त्याआधीही निघायची. पण ती कलेक्टरची मेहेरबानी असायची. कायद्यानंतर मागेल त्याला काम द्यावं लागे, आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारभत्ता. भत्ता नाममात्र होता, मस्टरवर खोटी नावं चढत, मजुरी महिनोन्‌महिने थकायची, आणि खडी फोडण्याच्या कामाबद्दल ज्यांनी ते केलं त्यांना विचारावं. पण पाझर तलावावर माती वाहणारी बाई तहसील कचेरीसमोर बसून 'काम का नाही काढलं?' असं विचारू लागली, आणि साहेबाला तिला उत्तर द्यावं लागू लागलं. त्यासाठीचा बराचसा पैसा आला व्यवसाय करातून. पगारपत्रक काढून बघा. दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतील. तिचा हक्क आणि तुमचं-माझं कर्तव्य, एका नाण्याच्या खरोखरीच्या दोन बाजू, एका ओळीत छापलेल्या. शहरातल्या कितीजणांनी ती ओळ वाचली आहे?

माझ्या मांडणीत एक भोक आहे, ते झाकत नाही. 'का?' विचारण्याच्या जागेवर हक्क उभे केले तर जो विचारूच शकत नाही त्याचं काय? तान्हं मूल, स्मृती गेलेली आजी, तीव्र मानसिक अपंगत्व असलेला माणूस? त्यांच्या वतीने दुसरं कोणी विचारेल, हे उत्तर निम्म्यापर्यंतच पोचतं, कारण विचारणारा कोणी नसला तरी त्यांचं आपल्यावर देणं आहेच, असं मन म्हणतं. नदीबद्दल, अजून न जन्मलेल्या पिढ्यांबद्दल तर हे आणखी अवघड होतं. तिथे मला वेलचं म्हणणं अधिक जवळचं वाटतं. कर्तव्य आधी असू शकतं. पण बघा, तिथेही कर्तव्य कोणाचं आहे? बलवानाचं, दुबळ्याप्रती. मी ज्या वाक्याशी भांडतो आहे त्यात ते नेहमी दुबळ्याच्या डोक्यावर ठेवलेलं असतं.

स्पर्धा संध्याकाळी सातला संपली. बक्षीस आम्ही एका मुलीला दिलं. तिनेही नाणं काढलं होतं, पण निदान ती पाठ केल्यासारखं बोलत नव्हती. वेळ संपल्याची घंटा वाजवायला शाळेचा कंत्राटी शिपाई सकाळी नऊपासून स्टूल टाकून बसलेला होता. चोवीस भाषणं त्याने आमच्याइतकीच ऐकली. खुर्च्या उचलताना त्याला विचारलं, "दादा, रविवारचं बोलावलंय, बदली सुट्टी मिळते का?"

"नाय सर."

"विचारलं नाही का कधी?"

त्याने चार खुर्च्या एकात एक सरकवल्या. "विचारायचं कुनाला?" म्हणाला, आणि घंटा काढायला स्टेजवर गेला.